फुप्फुसांतला पहारा आणि इल्या मेच्निकोव्ह

आपण दिवसाकाठी साधारण दहा हजार लिटर हवा फुप्फुसांत घेतो. त्या हवेबरोबर धूळ, धूर, परागकण, बुरशीचे बीजाणू, जिवाणू आणि विषाणूही आत शिरतात. फुप्फुसांच्या टोकांशी असलेल्या इवल्याशा वायुकोशांची संख्या ३० ते ५० कोटींच्या घरात आहे. ते सगळे उलगडून जमिनीवर पसरले तर जवळजवळ एका बॅडमिंटन कोर्टाएवढी जागा व्यापतील. इतका पातळ पडदा, तोही रात्रंदिवस बाहेरच्या हवेला उघडा. तरीही बहुतेक माणसे बहुतेक दिवस न्यूमोनियाशिवाय काढतात. हे कसे जमते, या कोड्याची किल्ली ज्याच्या हाती लागली तो डॉक्टर नव्हता. समुद्रातले तारामासे आणि जेलीफिश पाहत बसणारा तो एक प्राणिशास्त्रज्ञ होता, आणि फुप्फुसांच्या आजाराने त्याचे घर ऐन तारुण्यात मोडले होते.

इल्या मेच्निकोव्हचा जन्म १८४५ सालचा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या आणि आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्ह शहराजवळच्या एका खेड्यातला. पाच भावंडांत तो शेंडेफळ. वडील झारच्या रक्षकदलात अधिकारी, आई मूळची ज्यू घराण्यातली. पोरगा विलक्षण हुशार आणि तितकाच उतावळा होता. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत उरकला आणि समुद्री जीवांचा अभ्यास करण्यासाठी जर्मनी आणि इटली गाठली. १८६५ मध्ये जर्मनीत एका चपट्या कृमीच्या शरीरात त्याला एक गंमत दिसली. अन्नाचे कण त्या कृमीच्या पेशी स्वतःच आत ओढून घेत होत्या आणि आतल्या आत पचवत होत्या. त्याने नोंद केली आणि तो पुढच्या कामाला लागला. या नोंदीचा खरा अर्थ त्याला कळायला आणखी सतरा वर्षे जायची होती.

१८६९ मध्ये त्याने ल्युदमिला फेदोरोविच हिच्याशी लग्न केले. नवरी क्षयाने इतकी खंगली होती की तिला चर्चमध्ये खुर्चीत बसवून उचलून न्यावे लागले. पुढची चार वर्षे मेच्निकोव्हने पैसे जमवण्यात आणि बायकोला उबदार हवेच्या ठिकाणी हलवण्यात घालवली. व्याख्याने दिली, भाषांतरे केली, डोळे बिघडेपर्यंत सूक्ष्मदर्शकावर काम केले. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. तो जंतूमुळे होतो हेही कोणाला ठाऊक नव्हते. चांगली हवा, चांगले अन्न आणि विश्रांती एवढाच उपाय, आणि तोही ज्याला परवडेल त्याला. अटलांटिक महासागरातल्या मदेरा बेटावर युरोपातले सधन क्षयरोगी हवापालटासाठी जात. ल्युदमिलालाही तिथे ठेवले होते. नोकरीसाठी ओडेसाला परतलेल्या मेच्निकोव्हला तिची प्रकृती ढासळल्याचे कळले, तो धावत गेला, पण एप्रिल १८७३ मध्ये ती गेली.

त्यानंतर त्याने मॉर्फिन घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. तो वाचला. मग जिनिव्हात एका रात्री कडकडीत पाण्याने अंघोळ करून, लगेच गार पाणी अंगावर घेऊन, अपुऱ्या कपड्यांत तो थंडीत बाहेर पडला. न्यूमोनिया व्हावा आणि त्यात आपण संपावे, असा त्याचा हेतू होता. ऱ्होन नदीवरच्या पुलाजवळ दिव्याभोवती किडे घिरट्या घालत होते. इतके थोडे जगणाऱ्या या किड्यांना डार्विनचा नैसर्गिक निवडीचा नियम लागू कसा होत असेल, या विचारात तो गुंतला आणि मरायचे राहून गेले. त्याच्या दुसऱ्या पत्नीने, ओल्गाने, पुढे लिहिलेल्या चरित्रात हा प्रसंग आहे.

न्यूमोनिया मात्र त्याला झाला नाही. अंगाला गारठा लागला की फुप्फुसे बिघडतात ही समजूत तेव्हा युरोपात होती, आपल्याकडे आजही आहे. गारठ्याने श्वासमार्गाची राखण थोडी सैल पडू शकते, पण न्यूमोनिया व्हायला जंतू लागतो आणि त्या जंतूला आतल्या पहाऱ्यातून निसटावे लागते. त्या रात्री मेच्निकोव्हचा पहारा जागा होता. हा पहारा म्हणजे काय, हे पुढे त्यानेच शोधायचे होते.

ओडेसा विद्यापीठात तो प्राध्यापक म्हणून परतला. १८७५ मध्ये त्याने ओल्गाशी लग्न केले. काही वर्षांनी ओल्गा विषमज्वराने मरणाच्या दारात पोहोचली आणि वाचली. पण त्या काळजीने आणि विद्यापीठातल्या कुरबुरींनी तो पुन्हा खचला. १८८१ मध्ये त्याने एका रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. तो ताप उतरून पुन्हा पुन्हा उलटणारा होता. हा शास्त्रीय प्रयोग होता की जीव देण्याचा आणखी एक प्रयत्न, हे ठरवणे अवघड आहे. मला वाटते दोन्ही होते. तो आजारातून उठला. त्याच वर्षी झारची हत्या झाली, रशियात दडपशाही वाढली, विद्यापीठांत राजकारण माजले. १८८२ मध्ये मेच्निकोव्हने राजीनामा दिला आणि ओल्गा व तिच्या धाकट्या भावंडांना घेऊन तो इटलीच्या सिसिली बेटावरच्या मेसिना गावी राहायला गेला. योगायोग असा की त्याच वर्षी मार्चमध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. ल्युदमिलाला जाऊन नऊ वर्षे झाली होती.

मेसिनातले घर समुद्राकाठी होते आणि बैठकीची खोली हीच प्रयोगशाळा. नाताळचे दिवस होते. घरची मंडळी सर्कशीतल्या माकडांचा खेळ पाहायला गेली होती. मेच्निकोव्ह एकटाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. काचेवर ताराम��शाच्या अळ्या होत्या. या अळ्या काचेसारख्या आरपार दिसतात, त्यामुळे शरीरातल्या पेशींची हालचाल जिवंतपणी पाहता येते. काही पेशी आतल्या आत सरपटत फिरत होत्या. अशा पेशी अन्नकण गिळतात हे त्याने पूर्वीच पाहिले होते. आता त्याला वाटले, ज्या पेशी अन्न गिळतात त्या शत्रूलाही गिळत असतील तर? शरीरात घुसलेल्या परक्या वस्तूभोवती त्या गोळा व्हायला हव्यात. आपल्या बोटात कुसळ घुसले की भोवती पू जमतो, तसेच.

मुलांसाठी बागेतल्या संत्र्याच्या एका रोपट्याचे नाताळचे झाड केले होते. मेच्निकोव्ह बागेत गेला, गुलाबाचे काही काटे तोडून आणले आणि अळ्यांच्या पातळ कातडीखाली खुपसले. रात्रभर त्याला झोप आली नाही. पहाटे पाहतो तो काट्यांभोवती त्या फिरत्या पेशींचा गराडा पडला होता.

ही हकिगत त्याने पंचवीसेक वर्षांनी लिहिली. इतक्या वर्षांत आठवणीला थोडी झिलई चढतेच. पण प्रयोग खरा होता आणि त्याचे महत्त्वही. तारामाशाच्या अळीत रक्तवाहिन्या नसतात. तोवरचे वैद्यक सांगे की दाह म्हणजे रक्तवाहिन्यांचा बिघाड, आणि तो शरीराला अपायकारकच. सूज, लाली, पू ही सगळी आजाराची लक्षणे, त्यात बचाव कसला? पांढऱ्या पेशींत जंतू दिसत, पण त्या पेशी जंतूंना शरीरभर वाहून नेतात, असे बहुतेकांचे मत होते. मेच्निकोव्हने हे चित्र उलटे केले. रक्तवाहिन्या नसलेल्या जिवातही पेशी धावून येतात, म्हणजे दाह ही बचावाची धडपड आहे आणि पांढऱ्या पेशी हमाल नसून पहारेकरी आहेत.

थोड्याच दिवसांनी विकृतिशास्त्रातले मोठे नाव, रुडॉल्फ फिर्खो, मेसिनाला आला. त्याने काटे आणि पेशी पाहिल्या, कौतुक केले आणि सावधही केले, कारण प्रचलित मत नेमके विरुद्ध होते. या पेशींना ‘फॅगोसाइट’ हे ग्रीक नाव व्हिएन्नाच्या एका प्राध्यापकाने सुचवले. मराठीत आपण त्यांना भक्षक पेशी म्हणतो. १८८४ मध्ये मेच्निकोव्हने डबक्यातल्या डॅफ्निया या पाणपिसवेत हाच झगडा प्रत्यक्ष रोगात दाखवला. सुईसारखे टोकदार बुरशीबीजाणू तिच्या आतड्यातून शरीरात घुसतात. भक्षक पेशींनी ते वेळेत गिळले तर पिसू जगते. त्यांच्या हातून निसटून बीजाणू रुजले तर मरते.

हाच झगडा आपल्या छातीत कसा चालतो?

फुप्फुसांची राखण नाकापासून सुरू होते. नाकातले केस आणि वळणावळणाच्या ओलसर वाटा मोठे कण अडवतात. त्यातून सुटलेले कण श्वासनलिकांच्या चिकट श्लेष्म्यात अडकतात. या श्लेष्म्यात जंतूंची भिंत फोडणारी द्रव्ये असतात. खालच्या पेशींवर सूक्ष्म केसांसारखे रोम असतात, सेकंदाला दहा-पंधरा वेळा ते हलतात आणि श्लेष्मा घशाकडे वर ढकलत राहतात. तो आपण नकळत गिळून टाकतो, पुढचे काम पोटातले आम्ल करते. सिगारेटच्या धुराने हे रोम मंदावतात आणि झडतात. मग कचरा वर आणायला खोकल्याशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. पट्टीच्या विडी ओढणाऱ्यांचा सकाळचा खोकला तो हाच.

पण अगदी टोकाच्या वायुकोशांत ना श्लेष्मा असतो ना रोम. तिथला पडदा इतका पातळ हवा की प्राणवायू सहज रक्तात उतरावा. त्यावर जाड थर चालत नाही. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. एक ते पाच मायक्रॉनचे कण वरचे सगळे अडथळे चुकवून इथवर येतात, आणि क्षयाचा जंतू हवेत नेमक्या याच मापाच्या थेंबकणांतून तरंगतो. इथे राखण असते ती मोठ्या भक्षक पेशींची. मॅक्रोफेज हे त्यांचे नाव मेच्निकोव्हनेच दिले. त्या वायुकोशांच्या भिंतींवर सरपटत फिरतात आणि समोर येईल ते गिळतात. गिळलेला जंतू पेशीच्या आत एका पिशवीत बंद होतो, त्या पिशवीला पाचक रसांची दुसरी पिशवी येऊन मिळते आणि जंतू विरघळतो.

या पेशींचा मला सर्वांत आवडणारा गुण म्हणजे त्यांचा समजूतदारपणा. दिवसभर येणारी धूळ, मेलेल्या पेशी, किरकोळ जंतू हे सगळे त्या गाजावाजा न करता संपवतात. प्रत्येक कणासाठी दाह झाला तर वायुकोश पाण्याने भरतील आणि श्वासच बंद पडेल. जंतूंची संख्या हाताबाहेर गेली तरच त्या रासायनिक हाक देतात. मग रक्तातून लढाऊ पांढऱ्या पेशींच्या झुंडी येतात. ताप, पिवळा कफ, एक्स-रेमधला पांढरा डाग हा सगळा त्या मोठ्या लढाईचा पसारा. त्यालाच आपण न्यूमोनिया म्हणतो. दगडखाणीत काम करणाऱ्याच्या छातीत मात्र उलटे घडते. गारगोटीची बारीक धूळ या पेशी गिळतात, ती पचत नाही, उलट गिळणारी पेशीच मरते. म्हणून सिलिकोसिस झालेल्या कामगाराला क्षयाचा धोका कितीतरी जास्त असतो.

१८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात चिस्तोविच या रशियन डॉक्टरने फुप्फुसांतल्या जंतुभक्षणावर निबंध प्रसिद्ध केला. वायुकोशांत काजळी भरलेल्या पेशी असतात हे पूर्वी माहीत होते, त्यांना धूळपेशी म्हणत. आता त्या जंतूही गिळतात हे नोंदले गेले. मेच्निकोव्ह तोवर पॅरिसला आला होता. ओडेसातल्या नव्या जंतुशास्त्र संस्थेचे संचालकपद त्याला धार्जिणे झाले नव्हते. लसीकरणातल्या गफलतीमुळे पुष्कळ मेंढ्या मेल्या, विरोधकांना आयते कोलीत मिळाले आणि तो बाहेर पडला. बर्लिनला कॉखला भेटला तर त्याने थंडपणे वाटेला लावले. लुई पाश्चरने मात्र नव्या इन्स्टिट्यूटमध्ये प्रयोगशाळा दिली. १८८८ पासून मरेपर्यंत तो तिथेच राहिला.

पुढची वीस वर्षे भांडणाची. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवले की घटसर्प आणि धनुर्वाताच्या विषाला रक्तद्रवातली द्रव्ये निष्प्रभ करतात. आज आपण त्यांना प्रतिपिंडे म्हणतो. जर्मन शास्त्रज्ञ म्हणू लागले की खरा बचाव रक्तद्रवाचा, पेशी नुसत्या मागून कचरा उचलतात. मेच्निकोव्ह प्रत्येक परिषदेत तावातावाने भांडे. केस विस्कटलेले, खिशात निबंधांचे कागद, असे त्याचे वर्णन लोकांनी करून ठेवले आहे. खरे तर दोन्ही बाजू बरोबर होत्या. १९०३ च्या सुमारास लंडनच्या आल्मरॉथ राइटने दाखवले की रक्तद्रवातली द्रव्ये जंतूंवर चिकटतात आणि मग भक्षक पेशी ते जास्त चवीने गिळतात. नोबेल समितीने १९०८ चे पारितोषिक मेच्निकोव्ह आणि रक्तद्रव पक्षाचा पॉल एर्लिख यांना विभागून दिले.

याच काळात त्याच्या ओडेसातल्या एका विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये कॉलऱ्याची लस तयार केली. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन इथे आला, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या खोलीत प्लेगची लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्या नावाची. स्वतःवर प्रयोग करायची खोड त्याने गुरूकडून घेतली असावी, कारण मेच्निकोव्हनेही कॉलऱ्याचे जंतू पिऊन पाहिले होते. उतारवयात दह्यातल्या जंतूंनी आयुष्य वाढते असा त्याने ध्यास घेतला आणि रोज आंबवलेले दूध पिऊ लागला. युरोपात त्याची लाटच आली. जेवणानंतर ताक पिणाऱ्या मराठी माणसाला हे सांगायला पॅरिसहून कोणी यायची गरज नव्हती, ही गोष्ट वेगळी.

पण या सगळ्यात एक आजार त्याची पाठ सोडत नव्हता. क्षयाच्या गाठींत अनेक केंद्रके असलेल्या राक्षसी पेशी दिसतात आणि त्यांच्या पोटात क्षयाचे जंतू. जर्मन तज्ज्ञ म्हणत, या मरणाला टेकलेल्या पेशी. १८८८ मध्ये मेच्निकोव्हने निबंध लिहून सांगितले की या भक्षक पेशीच आहेत आणि जंतूशी झुंजत आहेत. आज आपल्याला जे कळले आहे ते त्याच्यासाठी क्लेशदायक ठरले असते. क्षयाचा जंतू भक्षक पेशीला चुकवत नाही, तो मुद्दाम गिळला जातो. आत गेल्यावर तो पाचक रसांची पिशवी जवळ येऊ देत नाही आणि पहारेकऱ्याच्याच पोटात बिऱ्हाड करतो. मग आणखी पेशी येऊन त्याच्याभोवती गाठ बांधतात, त्याला कोंडून ठेवतात. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना क्षयाचा संसर्ग कधी ना कधी झालेला असतो, पण त्यांतल्या दहातल्या नऊ किंवा अधिक जणांना आयुष्यभर आजार होत नाही, ते या कोंडीमुळे. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू यांनी पेशी दुबळ्या झाल्या की कोंडी फुटते. जगातले जवळपास चौथ्या हिश्शाचे क्षयरुग्ण भारतात आहेत. ल्युदमिलाच्या फुप्फुसांतही असेच झाले असणार: पहारेकरी लढले, पण हरले.

१९११ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, मेच्निकोव्ह सहकाऱ्यांना घेऊन व्होल्गा नदीपलीकडच्या काल्मिक भटक्या जमातीच्या माळरानात गेला. गवताळ प्रदेशात दूर राहणाऱ्या काल्मिकांत क्षय क्वचितच आढळे, पण त्यांची मुले शहरात शिकायला गेली की पटापट क्षयाने मरत. मेच्निकोव्हच्या पथकाने त्वचेवर ट्युबरक्युलिनची चाचणी करून पाहिली. गावांपासून जितके दूर, तितक्या कमी लोकांत चाचणी होकारार्थी येत होती. म्हणजे गावाजवळच्यांना लहानपणीच थोडा संसर्ग होऊन गेला होता आणि बहुतेक जण तो पचवून बसले होते. ज्यांची जंतूशी कधी ओळखच झाली नाही त्यांना शहरातला पहिलाच मोठा हल्ला झेपत नव्हता.

त्यानंतर तीन वर्षांत महायुद्ध पेटले. प्रयोगशाळेतले तरुण आघाडीवर गेले, पुष्कळसे काम थांबले. मेच्निकोव्हचे हृदय आधीपासून कमकुवत होते. शेवटचे महिने तो पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये, पाश्चर ज्या घरात राहत असे त्याच घरात होता. आपल्या मृत्यूनंतर शवविच्छेदन करावे आणि आतडी नीट तपासावीत, अशी विनंती त्याने एका सहकारी डॉक्टरला केली होती. जुलै १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी तो गेला. त्याच्या रक्षेचा कलश पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवला आहे.